न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंगला मराठीत काय म्हणायचं?

कानामात्रा

एका दोन दिवसांच्या कार्यशाळेचं माहितीपत्रक मराठीत करायचं काम आलंय. इंग्रजी मजकुरात 'एनएलपी', म्हणजे याच नावाचं लघुरूप, अकरा वेळा आहे. आयोजकांनी आधी कुणाकडून तरी करून घेतलेल्या मसुद्यात त्याचं 'मज्जाभाषाशास्त्रीय कार्यक्रमन' केलंय. घरी मोठ्याने वाचून दाखवलं, तर भाची म्हणाली, "मावशी, तिथे मज्जा येणार आहे का?" तेव्हापासून मलाही तो शब्द हसल्याशिवाय वाचता येत नाही. बरा प्रतिशब्द आहे का? आणि मुळात हे नाव असं तीन डब्यांचं का?

टिंबटिंब

एनएलपी म्हणजे नैसर्गिक भाषा प्रक्रिया. माणसांची भाषा संगणकाला कळावी म्हणून जे करतात ते. आमच्या ऑफिसात दिवसभर हेच चालतं.

कानामात्रा

ते वेगळं हो. हे 'स्वतःत बदल घडवा' वालं.

टिंबटिंब

मग राहू द्या. याच घोळात मी एकदा भलत्याच वेबिनारला बसलो होतो. वीस मिनिटं डोळे कुठे वळतात यावर बोलत होते, मला वाटलं कॅमेऱ्याचा विषय आहे.

जुनीवही

तीन डब्यांपैकी मधला आधी आला, बाकीचे दोन नंतर जोडले गेले. म्हणून प्रतिशब्दाआधी जन्मकथा सांगतो.

१९७० च्या दशकाची सुरुवात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा सांताक्रूझचा परिसर. रिचर्ड बँडलर तिथे विद्यार्थी, जॉन ग्राइंडर भाषाशास्त्राचे अध्यापक. फ्रिट्झ पर्ल्स हे गेस्टाल्ट उपचारपद्धतीचे मोठे नाव १९७० मध्ये वारले होते. त्यांच्या ध्वनिमुद्रणांवरून मजकूर तयार करायचं काम एका प्रकाशकाकडून बँडलरकडे आलं. तासन्‌तास ऐकून ऐकून पोराच्या बोलण्यात पर्ल्स उतरले आणि तो त्याच ढंगात गट चालवू लागला. हा बोलतो म्हणजे नेमकं काय करतो, हे ग्राइंडर भाषेच्या अंगाने तपासू लागले. या सुरुवातीच्या गटांमध्ये फ्रँक प्युसेलिक हा तिसरा भिडूही होता, त्याचं नाव पुढे बहुतेक जण गाळतात. मग कुटुंबोपचारातल्या व्हर्जिनिया सटिर. आणि त्या परिसरातच असलेल्या मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन यांच्यामुळे अॅरिझोनातल्या फिनिक्सचे संमोहनतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन.

थोडक्यात, हातगुण असलेले तीन उपचारक. त्यांच्या बोलण्यातला हातगुण शब्दांत पकडता येतो का, एवढाच प्रश्न होता. १९७५ मध्ये बँडलर-ग्राइंडर यांचं 'द स्ट्रक्चर ऑफ मॅजिक' आलं, त्याचं उपशीर्षक बघा: भाषा आणि उपचार यांविषयीचं पुस्तक. मुखपृष्ठावर 'न्यूरो' नाही, 'प्रोग्रॅमिंग' नाही.

आतला गाभा भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीच्या रचनांतरणी व्याकरणातून उचललेला. मनात असतं ते सगळंच्या सगळं वाक्यात येत नाही. काही गळतं, काही वाकतं, काही सरसकट होतं. उपचारकाने गळलेलं विचारून परत आणायचं. याला त्यांनी 'मेटा मॉडेल' म्हटलं. आपल्या घरातली वाक्यं घेऊन बघा:

"लोक नावं ठेवतील." कोण लोक? पाच जणांची नावं सांग.

"मला कुणीच विचारत नाही." कुणीच? काल कोण विचारत होतं मग?

"निर्णय होत नाहीये." कोण ठरवत नाहीये, आणि काय?

हे तिसरं मला फार आवडतं. 'निर्णय' या नामामागे 'ठरवणे' हे क्रियापद दडलंय आणि 'होत नाहीये' ने कर्ता गिळलाय. मराठी तर कर्ता गिळण्यात पटाईत. 'राहून गेलं', 'कप फुटला', 'बोलणं झालं नाही'. घरात दहा माणसं असतात, पण कप आपोआप फुटतो.

रुकार

छान. पण मग न्यूरो आणि प्रोग्रॅमिंग घुसले कुठून?

जुनीवही

'न्यूरो-लिंग्विस्टिक' हे विशेषण भाषा आणि विचार यांच्या नात्यावर लिहिणाऱ्या आल्फ्रेड कोर्झिब्स्की यांच्या लेखनात आधीपासून होतं. नकाशा म्हणजे प्रदेश नव्हे, हे वचन त्यांचंच, १९३० च्या दशकातलं. एनएलपीवाले ते उठताबसता सांगतात. 'प्रोग्रॅमिंग' म्हणजे त्या काळची संगणकाची हवा. मानसशास्त्रात १९६० पासूनच वागणुकीकडे योजना म्हणून बघणं सुरू झालं होतं: तपासा, करा, पुन्हा तपासा, जमलं की थांबा. तो साचा यांनी उचलला.

नाव पुस्तकांवर कसं चढत गेलं तेही बघण्यासारखं आहे. १९७९ च्या 'फ्रॉग्ज इन्टू प्रिन्सेस' वर ते उपशीर्षक म्हणून आलं. १९८० मध्ये रॉबर्ट डिल्ट्स, ग्राइंडर, बँडलर आणि ज्युडिथ डिलोझियर यांच्या पुस्तकाचं ते थेट शीर्षकच झालं. पाच वर्षांत तळमजल्यावरून पाटीवर. पुढे पाटी कुणाची यावरून बँडलर-ग्राइंडर कोर्टात गेले. २००१ च्या समेटात दोघांनी एकमेकांना सहनिर्माते म्हणून मान्य केलं.

आता 'मज्जा'. आयुर्वेदाच्या सात धातूंत मज्जा अस्थीनंतर येते, म्हणजे हाडाच्या पोकळीतला गर. 'मज्जातंतू', 'मज्जासंस्था' हे शब्द मराठीत रुळले खरे, पण नुसतं 'मज्जा' म्हटलं की एक तर हाड आठवतं, नाही तर तुमच्या भाचीसारखी सहल. ग्रीक 'न्यूरॉन' चा मूळ अर्थ धनुष्याची दोरी, शिरा, कंडरा. आणि त्याचा सख्खा नातलग आपल्याकडेच आहे: संस्कृत 'स्नायु'. सुश्रुताने शरीरात ९०० स्नायू मोजले ते याच अर्थाने, बांधणाऱ्या दोऱ्या म्हणून. बंगालीत आजही स्नायू म्हणजे नर्व्ह. मराठीत तोच शब्द दंडात जाऊन बसला आणि जिमवाल्यांचा झाला. म्हणून व्युत्पत्तीने अचूक 'स्नायुभाषिक' केलंत, तर लोक डंबेल घेऊन येतील.

चेतापेशी

पाठ्यपुस्तकांत आता 'चेतासंस्था', 'चेतापेशी' आहे, त्यामुळे 'चेताभाषिक' जमतो. पण माझी विनंती, तो शब्द या कार्यशाळांना देऊ नका. तो आधीच दुसऱ्याचा आहे.

मेंदू आणि भाषा यांचं नातं अभ्यासणारी न्यूरोलिंग्विस्टिक्स ही स्वतंत्र शाखा आहे. तिची मुळं १८६१ मध्ये पॅरिसच्या डॉक्टर ब्रोकांनी पाहिलेल्या रुग्णापर्यंत जातात, ज्याला 'टॅन' एवढंच बोलता येई. १८७४ मध्ये व्हेर्निकेंनी दुसरा प्रकार मांडला: बोलणं घडाघडा, अर्थ मात्र हरवलेला. वाचाघात म्हणतो तो हाच प्रांत. माझ्या वडिलांना पक्षाघातानंतर चमचा हवा असे आणि ते 'किल्ली' मागत. आम्ही किल्ली दिली की स्वतःवरच चिडत. शब्द गेला होता, चमचा गेला नव्हता. तेव्हा मी इंटरनेटवर 'न्यूरो', 'भाषा' असं काहीबाही शोधायचे आणि समोर यायच्या विक्रीकौशल्याच्या कार्यशाळा. प्रतिशब्द करताना ही माणसंही डोळ्यांसमोर ठेवा.

शिवाय एनएलपीतला 'न्यूरो' मेंदूच्या तपासणीतून आलेला नाही. माणूस डोळ्यांनी विचार करतो, कानांनी की स्पर्शाने, हे त्याच्या शब्दांवरून आणि बुबुळं वळतात त्यावरून ओळखता येतं, असा मूळ दावा. १९८४ आणि १९८७ मध्ये शार्पली या संशोधकांनी या विषयावरचे प्रयोग एकत्र तपासले, त्यांना आधार सापडला नाही. १९८८ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या समितीचं मतही फारसं वेगळं नव्हतं. डोळे उजवीकडे वर गेले की माणूस खोटं बोलतो, ही जी गोष्ट प्रशिक्षक सांगतात, ती २०१२ च्या प्रयोगांत टिकली नाही.

जुनीवही

त्या यादीबद्दल माझी भाषिक तक्रारही आहे. सगळा भर डोळे, कान आणि स्पर्शावर. मराठी माणसाला न पटलेली गोष्ट 'गळी उतरत नाही' किंवा 'पचनी पडत नाही'. आमचे निम्मे मतभेद घसा आणि पोट यांच्यामध्ये होतात, त्यांची बुबुळं कुठे वळायची?

रुकार

मी हा कोर्स केलाय, म्हणून थोडी बाजू घेते. डोळ्यांचं सोडा. पण 'कोण लोक?' हा प्रश्न मी स्वतःला आजही विचारते आणि त्याने फरक पडतो. आतल्या काही शब्दांना मराठीत चांगली जागाही आहे. 'रॅपो' ला 'सूर जुळणे'. 'रीफ्रेमिंग' ला मी 'दुसऱ्या बाजूने मांडणे' एवढंच म्हणते. 'अँकरिंग' चं आमच्या सरांनी 'नांगर टाका' केलं होतं आणि अख्खा वर्ग कोळीवाड्यात गेला. एखादी भावना मनात असताना एक ठरावीक स्पर्श किंवा खूण करायची, मग नुसत्या खुणेने ती भावना परत यावी, अशी ती क्रिया. याला आपल्याकडे शब्द आहे की: खूणगाठ.

जुनीवही

वा! खूणगाठ बांधणे. घ्याच.

'कार्यक्रमन' मात्र घेऊ नका. ग्रीक 'प्रोग्रामा' म्हणजे सर्वांसमोर लावलेली लेखी सूचना, तिथून तो आधी नाटकाच्या पत्रिकेत आला, मग संगणकात. आपण संगणकासाठी 'आज्ञावली' केला, चांगला केला. 'कार्यक्रम' उरला हळदीकुंकवाला आणि राजकारणाला. मनाचा 'कार्यक्रम' करणार म्हटलं तर वाचणारा विचारेल, करेक्ट का?

माझं मत: पूर्ण नावाचं भाषांतर करूच नका. ते वर्णन नाही, पाटी आहे. पाटीचं लिप्यंतर करावं. 'शास्त्र' तर अजिबात जोडू नका, इंग्रजी नावातही ते नाही. तिथल्या 'लिंग्विस्टिक' ला 'भाषिक' पुरतो, 'भाषाशास्त्रीय' केलं की पाटीला उगाच पदवी मिळते.

कानामात्रा

सगळ्यांचे आभार. पहिल्या उल्लेखात 'न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग, अर्थात एनएलपी हे संवादतंत्र' असं केलं, पुढे दहा वेळा नुसतं एनएलपी. अँकरिंगला खूणगाठ. 'मज्जा' काढली, भाची नाराज आहे.

कानामात्रा

आत्ताच आयोजकांचा फोन आला. संवादतंत्र चालेल म्हणाले, पण खूणगाठ फार घरगुती वाटतं, दोन दिवसांची फी बघता जरा वजनदार हवं. 'न्यूरो-नांगरण' कसं वाटतं, असं विचारत होते.