सी-विंगमधली रिक्षा स्टार्ट घेईना (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, नावांऐवजी फ्लॅटचे नंबर)

सी-००२: नमस्कार. बाबांची रिक्षा सहा दिवस पावसात उभी होती, टाकी अर्ध्याच्या वर आहे. सकाळपासून सेल्फ मारतोय, इंजिन गरागरा फिरतंय पण पेटत नाही. पेट्रोल, चार-स्ट्रोक, कार्बोरेटरवाली. आठला तिसऱ्या रेल्वे गेटजवळून शाळेची पोरं घ्यायची आहेत. काय करू सांगा की.

ए-३०१: धक्का मारूया काय? आम्ही चौघं खाली येतो.

बी-१०४: धक्का नको. सेल्फ पण थांबव बाळा. एका वेळी पाच सेकंदांच्या वर मारायचा नाही आणि मध्ये अर्धा मिनिट सोडायचं, नाहीतर बॅटरी बसते आणि स्टार्टर मोटर तापते. आधी सांग, पाणी कुठपर्यंत साचलं होतं? एअर फिल्टर भिजलाय काय?

सी-००२: चाकाच्या रिमपर्यंत पण नव्हतं काका. फिल्टरचा डबा उघडून बघितला, आत कोरडा आहे.

बी-१०४: मग बरं. फिल्टर भिजला असता तर स्पार्क प्लग काढल्याशिवाय इंजिन फिरवायचंच नाही असं सांगितलं असतं. सिलिंडरमध्ये पाणी राहिलं की पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि सेल्फच्या जोरानं कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो. धक्क्यानं पण वाकू शकतो. आता ऑइलची काडी काढून बघ.

सी-००२: ऑइल काळपट आहे, लेव्हल दोन खुणांच्या मध्ये.

बी-१०४: दुधाळ, चहासारखं नाही ना? मग ऑइलमध्ये पाणी नाही. आता दोनच गोष्टी बघायच्या, करंट आणि पेट्रोल.

ए-२०२: काका, बॅटरीचं मी सांगतो. मीटर लावलास काय रे?

सी-००२: हो दादा. नुसती १२.४ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.३ दाखवतोय.

ए-२०२: बॅटरी चांगली आहे. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली असती तर तिच्यावर संशय घेतला असता. कितीतरी जण इथंच बॅटरी बदलून मोकळे होतात. इंजिन जोरात फिरतंय म्हणजे बॅटरी, मोटर, रिले सगळं ठीक आहे. नुसता टक आवाज येऊन गप्प झालं असतं तर बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर घासून बघा म्हटलं असतं.

आता प्लगची टोपी ओढ. वायरला धरून ओढू नको, टोपीलाच धर. प्लगभोवतीची माती आधी फुंकून काढ, नाहीतर प्लग काढल्यावर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. प्लग काढून टोपीत बसव, प्लगचं लोखंड इंजिनच्या रंग नसलेल्या जागी टेकव आणि सेल्फ मार. रबराच्या मुठीच्या पकडीनं धर. एक लक्षात ठेव, प्लग भोकापासून वीतभर लांब टेकवायचा, त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. आणि प्लग लोखंडाला न टेकवता हवेत ठेवून सेल्फ मारायचा नाही, करंटला वाट मिळाली नाही की कॉइल आणि सीडीआय (ठिणगीचा करंट सोडणारा डबा) जळू शकतात.

सी-००२: ठिणगी येतेय पण नारिंगी, बारीक. कधी येते कधी नाही.

ए-२०२: ओल आहे. टोपी उलटी करून फडक्यानं आतून पूस, टोपी वायरवरून पिळून काढ. वायरचं टोक हिरवट झालंय का बघ. झालं असेल तर ५ मिलिमीटर कापून टोपी पुन्हा पिळून घट्ट बसव. वायर तेवढी लांब आहे याची खात्री करूनच काप. प्लगची फट फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्टीनं) बघ, ०.६ ते ०.७ मिलिमीटर असू दे.

डी-१०१: माझ्या साइड व्हीलच्या स्कूटरची टोपी पण अशीच चिरलीय. त्यावर चिकटपट्टी लावली तर चालते काय?

ए-२०२: नको वैनी. चीर पडली की करंट ओलीतून बाजूला उडतो, पट्टीखाली ओल अडकून राहते. टोपी बदलाच, महाग वस्तू नाही. तुमच्या गाडीची जुनी टोपी दुकानात नमुना म्हणून न्या.

सी-००२: टोक हिरवं होतं, कापलं. आता निळी ठिणगी, चट चट आवाज. पण प्लग लावून मारला तरी स्टार्ट नाही 😟

बी-१०४: प्लग परत काढ. ओला आहे की कोरडा?

सी-००२: ओला.

बी-१०४: बोटावर घेऊन बघ. पेट्रोल चटकन उडतं, बोट गार होतं.

सी-००२: उडत नाही काका. तसंच राहिलंय. वास पण फारच कमी.

बी-१०४: मग ते पाणी आहे. पारदर्शक बाटली घे. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला ड्रेनचा स्क्रू असतो, तो सैल करून वाटीतलं सगळं बाटलीत घे आणि पाच मिनिटं हलवू नको.

सचिव: कृपया हे काम मीटर बोर्डजवळ करू नका. रिक्षा ढकलून गेटबाहेरच्या उघड्या जागेत न्या, विडी-सिगारेट लांब. पेट्रोल गटारात ओतू नका.

सी-००२: बाहेर आणली. बाटलीत दोन थर दिसतात. खालचा बोटभर गढूळ, वर पिवळसर.

बी-१०४: हेच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. इथेनॉल तर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतही तयार होतं, त्यात वाईट काही नाही. पण ते पाणी ओढून घेतं. थोडं पाणी मिसळलं तर जळून जातं, मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात. टाकीचा कॉक तळाजवळूनच पेट्रोल घेतो, म्हणून इंजिनला नेमकं तेच मिळतं. वरून ताजं पेट्रोल घातलं तरी तळाचं निघत नाही. टाकी रिकामीच करायला पाहिजे.

असं कर. कॉक बंद, कार्बोरेटरकडची पाइप काढून डब्यात सोड, कॉक उघड. शेवटचं पेट्रोल टाकी थोडी हलवून काढ. कॉकची जाळी धू. वाटी काढून मेन जेट आणि पायलट जेट (पेट्रोल सोडणारे बारीक भोकांचे स्क्रू) दोन्ही काढ, कार्बोरेटर क्लीनर फवार आणि हवा मार. तार घालायची नाही, भोक मोठं झालं की पेट्रोल जास्त जातं. पायलट जेटचं भोक केसाएवढं असतं, त्यात पांढरा चुरा अडकला की गाडी पेटली तरी आयडल धरत नाही, म्हणजे रेस सोडली की बंद पडते.

ए-२०२: आणि प्लग बाहेर, टोपीतला प्लग लोखंडाला टेकवलेला, कॉक बंद, रेस पूर्ण उघडी ठेवून चार-पाच वेळा सेल्फ मार. आतलं पाणी फवाऱ्यासारखं बाहेर येतं. तोंड लांब ठेव. प्लग परत लावताना आधी हातानंच पिळ, आटे वाकडे बसले तर हेड खराब होतं. बसल्यावर पान्यानं पाव फेरा बास, जुनाच वॉशर आहे.

सचिव: शाळेच्या पोरांसाठी शेजारच्या गल्लीतली दुसरी रिक्षा ठरवली आहे. घाई करू नका.

सी-००२: धन्यवाद काका 🙏 (९.४०) सगळं झालं. दोन लिटर नवीन पेट्रोल, चोक ओढून तिसऱ्या सेल्फला पेटली. चोक सोडल्यावर थोडी धडधडली, आता आयडल धरून आहे.

बी-१०४: दहा मिनिटं चालू राहू दे. काढलेल्या पेट्रोलमधलं वरचं पण परत टाकीत घालू नको, इथेनॉल निघून गेल्यावर त्याचा ऑक्टेन उतरतो, इंजिनात ठकठक होते. डबा गॅरेजवाल्याकडे दे. आणि पाणी शिरलं कुठून ते शोध. टाकीच्या झाकणाचं रबर बघ.

सी-००२: रबर दोन ठिकाणी तडकलंय.

बी-१०४: मग तेच. झाकणातलं हवेचं भोक उघडं आहे ना तेही बघ. ते बुजलं तर टाकीत हवा शिरत नाही आणि अर्धा तास पळून गाडी बंद पडते. तेव्हा झाकण उघडून लगेच स्टार्ट झाली की समजायचं. रबर येईपर्यंत झाकणावर प्लास्टिक बांध, पण भोक मोकळं सोडून, आणि पाऊस पडताना शेडखाली लाव.

सी-००२: उद्यमबाग औद्योगिक वसाहतीकडे जातोय, येताना नवं रबर आणि डी-१०१ च्या वैनींसाठी टोपी पण आणतो. वैनी, जुनी टोपी खाली द्या की.