मदत हवी आहे: वळचणीचं पाणी आढ्याला चाललंय, शिंगलखाली कोणतं ‘आइस अँड वॉटर’ टाकावं?

पागोळी:

नमस्कार मंडळी,

आम्ही मिनियापोलिसच्या एका उपनगरात राहतो. घर १९७४ चं, एकमजली, वर अस्फाल्टचे शिंगल (कौलांसारखे एकावर एक बसवलेले डांबरी तुकडे). छपराचा उतार ५:१२, म्हणजे १२ इंच आडवं गेलं की ५ इंच चढ. भिंतीच्या बाहेर छप्पर दोन फूट पुढे आलंय. घर घेऊन तीन हिवाळे झाले. पहिल्या वर्षी पन्हळीला लटकलेले हातहातभर बर्फाचे सुळे मी कौतुकाने व्हिडिओ कॉलवर आईला दाखवले होते, तीही हरखली होती. त्यात कौतुकाचं काही नव्हतं, हे या फेब्रुवारीत कळलं.

एका सकाळी हॉलच्या खिडकीवर रंगाला फुगा आलेला दिसला. बोट लावलं तर आत पाणी डुचमळत होतं. टाचणीने टोचून खाली कुकरचं भांडं धरलं, ते भरलं, मग पातेलं आणलं. बाहेर उणे १८ सेल्सियस, आठवडाभर आभाळ निरभ्र, आणि घरात गळती! माझं माहेर देवरुखचं. छप्पर गळणं मला नवीन नाही, पण गळायला आधी पाऊस लागतो एवढीच माझी समजूत होती.

वाचून एवढं कळलं: घरातली ऊब अ‍ॅटिकमध्ये (छत आणि छप्पर यांच्यामधल्या पोकळीत) चढते, छपरावरचा बर्फ खालून वितळतो, पाणी ओघळत वळचणीपर्यंत येतं. तिथे खाली घर नाही, ऊब नाही, म्हणून ते पुन्हा गोठतं. तिथे बर्फाचा बांध तयार होतो, त्यामागे पाणी तुंबतं आणि शिंगलखालून उलटं वर चढतं. ‘वळचणीचं पाणी आढ्याला’ हे आपल्याकडे अशक्य गोष्टीला म्हणतात. इथे ते दर फेब्रुवारीत घडतं म्हणे.

मे महिन्यात छप्पर नवीन करायचंय. तीन रूफर (छप्पर घालणारे) येऊन गेले. एक म्हणतो, शिंगलखाली आइस अँड वॉटरची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या चिकट पट्टीची, एक ओळ पुरे, ‘कोडप्रमाणे’, म्हणजे बांधकाम नियमांप्रमाणे. दुसरा दोन ओळी म्हणतो. तिसरा म्हणतो, सबंध छपरालाच चिकटवून टाकू, चिंता मिटली. एकाने ग्रेसचं नाव घेतलं, दुसऱ्याने जीएएफचं वेदरवॉच, तिसऱ्याने सर्टनटीडचं विंटरगार्ड. एक गुळगुळीत, बाकीच्यांवर वाळू. काय बघून निवडायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

नेटिककर:

आमचं दुखणं आठवलं. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनला ११०.६ इंच बर्फ पडला, तो विक्रम होता. आमच्या गल्लीत ज्याच्याकडे बादली लागली नाही असं घर शोधावं लागलं असतं. आमच्या छपराला एक ओळ होती, तीन फुटांची. उन्हाळ्यात रूफरने शिंगल उचकटून मला शिडीवर बोलावलं. पट्टीखालचं प्लायवूड कोरडं खणखणीत, आणि पट्टी जिथे संपते तिथून वर चार बोटं काळा, मऊ पडलेला पट्टा. नखाने पापुद्रे निघत होते.

पट्टीने तिचं काम चोख केलं होतं, ती फक्त तोकडी पडली. ब्रँड नंतर, आधी रुंदी विचारा.

गच्चीवाला (पुणे):

आमच्याकडे गच्चीवर डांबराचं मेम्ब्रेन गॅसच्या ज्योतीने भाजून चिकटवतात. तसंच काही का करत नाहीत तिकडे?

अवांतर: स्लॅब टाका हो, कटकट जाईल.

ओळंबा:

मी मिसिसागाला बिल्डिंगच्या कामात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गच्चीवाले, चुलत भावंडंच आहेत ही. पण इथे खाली लाकूड आहे, त्यावर ज्योत फिरवायची म्हणजे घर पेटवायची तयारी. म्हणून इथल्या पट्टीत रबर मिसळलेलं मऊ डांबर असतं. मागचा कागद सोलायचा आणि दाबायचं. हे डांबर मऊ असण्याचं खरं कारण वेगळं आहे. शिंगल लावताना त्यातून शेकडो खिळे आरपार जातात. डांबर खिळ्याच्या दांड्याला बिलगतं आणि भोक बुजतं. एएसटीएम डी१९७० नावाचं मानक आहे, त्यात खिळा ठोकून वर पाणी उभं ठेवून हेच तपासतात. तुम्ही घेतलेली तिन्ही नावं या जातीची आहेत. रोलवर हा क्रमांक बघा आणि ब्रँडची काळजी सोडा.

आता नेटिककर म्हणाले ती रुंदी. शिंगल म्हणजे माशाचे खवले. वरून येणारं पाणी ते उतरवून देतात, तुंबलेलं पाणी अडवणं त्यांच्या बसची गोष्ट नाही. म्हणून पाणी जिथवर तुंबेल तिथवर पट्टी हवी. अमेरिकेतली आयआरसी ही निवासी नियमावली म्हणते, छपराच्या खालच्या कडेपासून निघून बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या आत किमान २४ इंच. गोम इथे आहे: मोजणी भिंतीपासून आत आहे, छपराच्या कडेपासून नाही.

पागोळीताई, तुमचं गणित मांडू. वळचण २४ इंच, भिंतीच्या आत २४, आडवे झाले ४८. पट्टी मात्र उतारावर पसरते. तुमचा उतार ५:१२. दहावीतलं पायथागोरसचं त्रिकूट आठवा: ५, १२, १३. म्हणजे ४८ ला १३ ने गुणून १२ ने भागा, ५२ इंच. तपासनीस भिंतीच्या आतल्या बाजूपासून मोजणारा निघाला तर भिंतीची जाडी धरा, ६ इंच धरली तर ५८.५. रोल असतो ३६ इंच रुंद. एक ओळ टाकली तर ती तुमच्या भिंतीच्या आत जेमतेम ९ इंच पोचते. पहिल्याचं ‘कोडप्रमाणे’ हे अर्धा फूट वळचण असलेल्या, कमी उताराच्या घराला ठीक असेल, तुमच्या नाही. दोन ओळी, मध्ये ३.५ इंच एकावर एक, म्हणजे ६८.५. पुरून उरते. आमच्या कॅनडात तर भिंतीच्या आतल्या बाजूपासूनच मोजतात, तिथून ३०० मिलिमीटर आत.

दोन पाखी जिथे आत मिळतात त्या खोलगट रेषेतही वरपासून खालपर्यंत पट्टी हवीच. चिमणी आणि पाइपांभोवतीही.

वाळूची की गुळगुळीत? कामगाराचा पाय घसरत नाही म्हणून वाळूची बरी. पण वाळूवर डांबर नीट चिकटत नाही. दोन रोलची टोकं जिथे एकमेकांवर येतात तिथे रूफिंग सिमेंट लावतो का, ते विचारा. पुढेमागे पत्र्याचं छप्पर करायचा विचार असेल तर मात्र गुळगुळीत घ्या, तीही जास्त तापमानाची. उन्हात पत्रा एवढा तापतो की साधं डांबर पाघळतं. शिंगलखाली तो खर्च नको.

आणि हे काम थंडीत कुणी करतो म्हणाला तर नको म्हणा. बहुतेक पट्ट्यांना ४० फॅरनहाइटच्या वरची हवा लागते, त्याखाली डांबर कडक होऊन नुसतंच लाकडावर पडून राहतं. तुम्ही मे म्हणताय, उत्तम.

तिसऱ्या रूफरबद्दल: सबंध छप्पर मढवायला बंदी नाही, पण ही पट्टी वाफही अडवते. खालून घरातली दमट हवा चढतेय, वरून प्लायवूड सीलबंद, मग ते सुकणार कुठून? अ‍ॅटिकमध्ये हवा खेळती असेल तर चालतं. तुमच्याकडे ती खेळत नसणार, नाहीतर असा बांध सहसा होत नाही. आता थोडं कष्टाचं काम सांगतो: टॉर्च आणि मास्क घेऊन अ‍ॅटिकमध्ये जा. लाकडी तुळयांवरच पाय ठेवा, मधल्या जिप्समवर नको, थेट हॉलमध्ये उतराल. आणि इन्सुलेशनच्या (ऊब अडवणाऱ्या थराच्या) जागी राखाडी-सोनेरी चकचकीत खडे दिसले तर हात न लावता परत या. ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं, आणि मोंटानातल्या लिबीच्या खाणीतल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस होतं. खाण १९९० ला बंद झाली, पण माल जुन्या घरांत अजून आहे.

डुलुथची थंडी:

ओळंबांना +१. तोवर हिवाळा शिल्लक असेल तर लांब दांड्याचा रूफ रेक आणा आणि जमिनीवर उभं राहून खालचा तीन-चार फूट बर्फ ओढून काढा. शिडीवर चढून नाही. आणि नवऱ्याला कुऱ्हाड देऊ नका. आमच्याकडे एका रविवारी बर्फाबरोबर नऊ शिंगलही फोडून झाले.

जाड मीठही नको, पन्हळ गंजते आणि खालची झाडं जळतात. कॅल्शियम क्लोराइड जुन्या मोज्यात भरून बांधावर आडवं टाकलं की पाण्याला वाट होते. मोठा बांध असेल तर वाफेने काढणारे लोक बोलवा.

पागोळी:

गेले अ‍ॅटिकमध्ये. खडे नाहीत, गुलाबी फायबरग्लास आहे. मोजपट्टी लावली तर फक्त ७ इंच. आणि बऱ्याच ठिकाणी ते गुलाबी राहिलेलंच नाही, हॉलच्या छतात बसवलेल्या दिव्यांच्या वर काळंमिट्ट झालंय. आधी बुरशी वाटली.

दुसरं म्हणजे, न्हाणीघराच्या पंख्याचा नळ मधूनच सुटून पडलाय. इतकी वर्षं आमच्या अंघोळीची वाफ थेट छपराला शेकत होती! वर प्लायवूडवर खिळ्यांची टोकं गंजलेली दिसतात, आणि तो भाग बरोबर त्या गळक्या खिडकीच्या रेषेत आहे.

शिवाय वळचणीच्या खालच्या जाळीतून उजेड यायला हवा ना? काही दिसत नाही, फायबरग्लास कोंबून बसवलंय.

ओळंबा:

सापडला चोर. काळं झालं ती बहुधा धूळ. हवा तिथून वर घुसते आणि फायबरग्लास गाळणीसारखं धूळ धरून ठेवतं. जिथे काळं, तिथे भोक, तुमच्यासाठी नकाशाच तयार आहे.

क्रम चुकवू नका. आधी पंख्याचा नळ जोडून थेट छपराबाहेर काढा. मग भोकं बुजवा: दिव्यांभोवती, वायरी आणि पाइप जिथून वर येतात तिथे, अ‍ॅटिकच्या झाकणाला रबराची पट्टी. दिवे इन्सुलेशनखाली गाडायच्या प्रकारचे नसतील तर बदला, नाहीतर आगीची भीती. मग प्रत्येक दोन तुळयांमध्ये बॅफल (हवेची वाट मोकळी ठेवणारी पट्टी) लावा, म्हणजे जाळीतून आलेली थंड हवा फायबरग्लासच्या वरून आढ्याकडे जाईल. सगळ्यात शेवटी इन्सुलेशन. तुमचं सात इंच म्हणजे आर-२० च्या आसपास (आर म्हणजे ऊब अडवायची ताकद), तुमच्या हवेला निदान आर-४९ लागतं. लोक उलटं करतात: भोकं तशीच ठेवून वर फायबरग्लास ओततात, बिल तर भरतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा बादली.

एवढं केलंत तरी पट्टीच्या दोन ओळी टाकाच. दोन फूट बर्फ साचून पुढे आठवडाभर गोठणखाली राहिलं तर चांगल्या घरालाही बांध होतो.

पागोळी:

दुसऱ्या रूफरला काम दिलं. ‘दोन ओळी’ नाही, ‘खालच्या कडेपासून उतारावर किमान ६८ इंच’ असं करारात लिहून घेतलं. वळचणीला पत्र्याची कड आधी आणि पट्टी तिच्यावर, बाजूच्या तिरक्या कडांना पट्टी आधी आणि पत्रा वरून, हेही लिहून घेतलं.

एक शंका राहिली. खाली जुन्या छपराची एक ओळ चिकटलेली आहे म्हणतो, ती निघेल का?

ओळंबा:

निघता निघत नाही. ओढाल तर प्लायवूडचा पापुद्रा घेऊन येईल. कडेचं प्लायवूड कुठे मऊ लागलं तर सरळ नवीन टाकायला सांगा. ठणठणीत असेल तर जुन्या पट्टीवर नवी टाकायला त्या कंपनीची मुभा आहे का, ते आधी विचारून घ्या.

पागोळी:

धन्यवाद सगळ्यांना. पंख्याचा नळ शनिवारी जोडला, भोकं बुजवायला पुढचे दोन शनिवार. आईला फोनवर सगळं सांगितलं, पट्टी, बांध, ५२ इंच, सगळं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तिथेही मे महिन्यात कौलं चाळायचीच म्हण ना.”