मदत हवी आहे: डेल्को साफ करून तेल दिलं, आता गाडी चढाला हिसके देते

कात्रजचा_मी:
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. शनिवारी डेल्कोची, म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, कॅप काढून आतलं सगळं साफ केलं, करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट घासले, व्यवस्थित तेल दिलं. सपाटीला ठीक चालते, पण चढाला पाय दाबला की हिसके. काल जुन्या कात्रज घाटात दुसऱ्या वळणालाच बाजूला घ्यावी लागली. रविवारी बाबांना घेऊन जेजुरीला जायचंय, म्हणजे दिवे घाट आलाच. काय करू ते नेमकं सांगा.

नानापेठवाला:
गाडी कोणती ते तर लिहा! फियाट की अँबी? कोणतं तेल, किती आणि कुठे कुठे दिलंत? पॉइंटचा गॅप किती ठेवलात?

इलेक्ट्रॉनिक_भाऊ:
पॉइंट काढून टाका आणि इलेक्ट्रॉनिक किट बसवा. माझ्या पद्मिनीला ४ वर्षांपूर्वी बसवलं, तेव्हापासून कॅप उघडायची वेळ आली नाही. दर ५ हजार किलोमीटरला घासत कशाला बसायचं?

नानापेठवाला:
भाऊ, रविवारी जेजुरी आहे, किटचं नंतर बघू. आणि पॉइंट बिघडले तर रस्त्यात पॉलिश पेपर मारून घरी येता येतं. किट बंद पडलं की गाडी टोच लावूनच आणायची.

इलेक्ट्रॉनिक_भाऊ:
जुने पॉइंट काढल्यावर फेकायचे नाहीत. कंडेन्सरसकट डिकीत ठेवायचे, वाटेत अर्ध्या तासात परत बसतात. आधी बसवून बघा, मग बोला.

पेठेतली_पद्मिनी:
तेलाचं सोडा, पेट्रोल बघा. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप फुगतात, कचरा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतो. माझी गाडी सिंहगड रोडला अशीच रुसली होती. पाइप बदलले आणि सुटली.

कात्रजचा_मी:
अँबॅसडर मार्क टू, १९७२, बाबांची. डेल्को लुकासचाच आहे. गॅप मोजला नाही, नजरेने ठेवला. तेल म्हणजे डब्यातला स्प्रे सगळीकडे मारला, वरून थोडं इंजिन ऑइल. आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमला ग्रीस भरलं. पेट्रोलचा प्रश्न नाही, टाकी गेल्याच महिन्यात धुतली.

नानापेठवाला:
सापडलं. जास्तीचं तेल पॉइंटवर उडतं, तिथे जळून काळा थर बसतो, मग लोड आला की करंट तुटतो. आधी सगळं पुसून काढा. पोस्टकार्डासारखा जाड कागद पेट्रोलमध्ये बुडवून पॉइंटमधून ओढा, कागद स्वच्छ निघेपर्यंत. मग कॅमच्या टोकावर पॉइंट पूर्ण उघडे असताना फीलर गेजने ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा, म्हणजे १४ ते १६ थाऊ (इंचाचा हजारावा भाग). नजरेने होत नाही हे.

आता तेल. रोटर उचलला की शाफ्टच्या डोक्यात एक स्क्रू दिसतो. तो काढायचा नाही. स्क्रूच्या भोवती फट असते, तिथून ३-४ थेंब सोडले की आपोआप खाली शाफ्टला पोचतं. पॉइंट बसवलेल्या प्लेटच्या भोकातून खाली शाफ्टबरोबर फिरणाऱ्या वजनांना २ थेंब. पॉइंटच्या खिळीला सुईच्या टोकावर मावेल एवढंच. कॅमला ग्रीस बोटाला लावून पुसून घेतल्यावर जेवढं राहतं तेवढं. बस. शिलाई मशिनचं तेल चालतं.

आरटीओ_अनुभवी:
१९७२ ची आहे म्हणजे ५० वर्षं उलटली. २०२१ च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, १० वर्षं वैध. मात्र मग रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशाच कामांना.

कात्रजचा_मी:
धन्यवाद, पण नोंदणीचं विचारलं नव्हतं. गाडी बाबा स्वतः चालवतात. @नानापेठवाला, वजनं बघायला प्लेट काढली तर खाली दोन स्प्रिंग दिसल्या. एक ताणलेली आहे, दुसरी चक्क सैल. वाकवून घट्ट करू का?

नानापेठवाला:
हात लावू नका! ती सैलच असते. हलकी स्प्रिंग आधी काम करते, आरपीएम वाढल्यावर दुसरी. घट्ट केलीत तर वेग वाढल्यावर ठिणगी लवकर पडण्याचा अ‍ॅडव्हान्स मिळणारच नाही आणि घाटात अजून मार खाल.

घाटवाट:
एक महत्त्वाचं विचारायचं राहिलं. साफ करायला घेतलंत कशासाठी? आधी काही त्रास होता का?

कात्रजचा_मी:
हो, थोडा होता, चढालाच. एका मिस्त्रींनी दोनदा प्लग बदलले, पैसे गेले, फरक शून्य. म्हणून तर मी स्वतः उघडलं.

घाटवाट:
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं! म्हणजे तेल हे नंतरचं दुखणं, मूळ वेगळं आहे. डेल्कोच्या आत प्लेटपासून बॉडीपर्यंत एक छोटी वेणीची अर्थ वायर असते. इंजिनच्या हवेच्या ओढीने, म्हणजे व्हॅक्यूमने, प्लेट रोज मागेपुढे फिरते, वायर आतून तुटत जाते आणि बाहेरून धड दिसते. पाय दाबला, प्लेट फिरली की अर्थ सुटतो. प्लेट हाताने हलवत मल्टिमीटर लावा, रीडिंग थरथरलं तर तीच. व्हॅक्यूमचा पाइप कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढा, जिभेने बंद धरा. प्लेट लगेच परत आली तर व्हॅक्यूमच्या डबीतला पडदा फाटलाय. माझी अँबी अशीच तीन महिने छळत होती.

इलेक्ट्रॉनिक_भाऊ:
किटलाही ती वायर धड लागतेच, हे मात्र खरं.

कात्रजचा_मी:
वायरच! कापडाखाली फक्त दोन तारा शिल्लक होत्या, चिमट्याने उचलली तर टोक हातात आलं. पडदा धड आहे. गॅप मोजला तर ०.६० होता, ०.३८ केला. वायरच्या जागी घरातली साधी वायर डाग देऊन लावली आहे.

घाटवाट:
बदला. घरातली वायर कडक असते, प्लेट अडते आणि महिन्याभरात परत तुटते. नाना पेठेत बारीक तारांची मऊ वायर मागा. लांबी जुन्याएवढीच ठेवा आणि कुठे घासत नाही ना ते प्लेट फिरवून बघा.

पेठेतली_पद्मिनी:
जाताना पेट्रोल पाइपही घेऊन टाका.

कात्रजचा_मी:
मऊ वायर मिळाली, लावली. हाताने फिरवली तर प्लेट मोकळी फिरते. बाबा शेजारी येऊन बसलेत, आत्ता बोपदेव चढून बघतो आणि रात्री लिहितो.