बेक न करता फळं-चॉकलेटचा गोठवलेला खाऊ : चॉकलेट दाटतं, कवच सुटतं, उपाय काय?

कुरडई_पापड

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात सोसायटीतल्या मुलांसाठी गोठवलेली फळं चॉकलेटमध्ये बुडवून द्यायचं ठरतंय. साधारण ३० मुलं, वय ३ ते १२. ओव्हन नाही, मायक्रोवेव्ह आणि घरगुती फ्रिज आहे. स्ट्रॉबेरी, केळी, द्राक्षं नक्की मिळतील, आंबा भाव पाहून. नेमकं हे हवंय:

१. चॉकलेट कुठलं, किती? कंपाउंड चालेल का?
२. वितळवताना मधेच त्याचा रवाळ गोळा होतो, तो का?
३. गोठवल्यावर चॉकलेटचं कवच तडकतं किंवा फळावरून अख्खं निघून येतं.
४. स्ट्रॉबेरी दगडासारखी होते आणि सुटली की पाणी पाणी. काही मार्ग?
५. दुपारच्या उन्हात वाटायचं कसं?

तांब्याचा_बंब

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांचं मूळ बहुतेक एकच, पाणी. आधी चॉकलेटचं बोलतो.

वेष्टनामागची घटकांची यादी वाचा. कोको बटर असेल आणि दुसरी वनस्पती चरबी नसेल तर ते खरं चॉकलेट. हायड्रोजनेटेड वनस्पती चरबी लिहिली असेल तर कंपाउंड. खऱ्या चॉकलेटची चव उजवी, पण ते तोंडात विरघळतं तसंच हातातही, ३४ अंशाच्या आसपास. शिवाय नुसतं वितळवून बाहेर थिजवलं तर वर पांढुरकी झाक येते, कारण कोको बटर नीट स्फटिकात बसत नाही. कंपाउंडला टेम्परिंग (ठरावीक तापमानांना गरम-गार करून कोको बटर नीट स्फटिकात बसवणं) लागत नाही, कवच चकचकीत येतं. गोठवायच्याच खाऊला मात्र टेम्परिंगची गरज नाही, फ्रीझर ते काम भागवून नेतो. म्हणून चव हवी तर ५५ टक्के कोकोचं डार्क घ्या, बजेट सांभाळायचं तर कंपाउंड. दोन्ही एकत्र वितळवू नका. त्यांच्या चरब्या एकमेकींशी जमवून घेत नाहीत, कवच मऊ राहतं आणि लवकर पांढरं पडतं.

हिशोब: एका घासाच्या तुकड्याला ५-६ ग्रॅम चॉकलेट लागतं. ३० मुलांना दोन-दोन म्हणजे ६० तुकडे, ३५० ग्रॅमच्या आसपास. भांड्याला चिकटणारं आणि तळाशी उरणारं धरून ५०० ग्रॅम आणा.

वितळवणं: चॉकलेट हरभऱ्याएवढं बारीक चिरा. एका वेळी २०० ग्रॅमच. मायक्रोवेव्ह ५० टक्के पॉवरवर, ३० सेकंद, बाहेर काढून ढवळा, परत ३० सेकंद, मग १५-१५. पाच-सहा तुकडे अजून दिसत असतानाच थांबा, ते भांड्याच्या उष्णतेवर विरघळतील. फुल पॉवरवर कडेचं जळतं आणि मधलं तसंच राहतं. मिल्क आणि व्हाइटमध्ये दुधाचे घन पदार्थ असल्यामुळे ती डार्कच्या आधी करपतात.

गॅसवर करणार असाल तर पातेल्यात दोन बोटं पाणी, उकळी आली की गॅस बंद, वर पातेल्यापेक्षा रुंद वाडगं. वाडगं लहान असेल तर कडेने वाफ चॉकलेटमध्ये शिरते. तुमचा रवाळ गोळा होतो तो यामुळेच, किंवा ओल्या चमच्यामुळे. चॉकलेट म्हणजे चरबीत विखुरलेले साखर आणि कोकोचे कोरडे कण. पाण्याचे चार थेंब पडले की हे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. व्हॅनिला इसेन्स, साधे द्रवरूप खायचे रंग, गार दूध, सगळ्यांत पाणी असतं, म्हणून कवचाच्या चॉकलेटमध्ये यातलं काही घालू नका.

गोळा झालाच तर टाकू नका. गरम दूध एकेक चमचा घालून फेटा, गुळगुळीत होईल. त्याचं कवच होणार नाही, पण मिल्कशेकसाठी सॉस तयार.

तांब्याचा_बंब

राहिलं: पातळ करायला १०० ग्रॅम चॉकलेटला एक टेबलस्पून खोबरेल. तडकणं यानेच थांबतं. नुसतं चॉकलेट गार फळावर पडताक्षणी जाड थिजतं आणि आकसताना चिरतं. तेलामुळे थर पातळ बसतो आणि जरा लवचीक राहतो. बाटलीवर खाद्यतेल लिहिलेलं आणि हिरवा ठिपका असलेलंच घ्या, केसांचं सुगंधी तेल नको. व्हर्जिन तेलाला नारळाचा वास येतो. केळी-आंब्याला तो शोभतो, स्ट्रॉबेरीला नाही, तिला रिफाइंड बरं.

आवळासुपारी

बंब यांनी चॉकलेटचं सांगितलं, मी फळांचं सांगते. कवच अख्खं निघून येतं तेव्हा दोष बहुतेक वेळा फळाचा असतो. फळावर पाण्याचा किंवा भुरभुरीत बर्फाचा थर असला की चॉकलेट फळाला न चिकटता त्या थराला चिकटतं. तो थर सुटला की टोपी हातात!

म्हणून फळ धुऊन सुती कापडावर, पंख्याखाली तासभर. गोठवताना बटर पेपरवर सुटं सुटं ठेवा आणि ताटावर झाकण किंवा क्लिंग फिल्म लावा. फ्रीझर जुन्या पद्धतीचा, बर्फ साठणारा असेल तर हे चुकवू नका. बुडवताना एका वेळी सहा-आठच तुकडे बाहेर काढा, बाकीचे आतच. दोन मिनिटं बाहेर राहिले की त्यांच्यावर दव धरलंच.

चॉकलेटही कढत नको. कढत असेल तर फळाचा पृष्ठभाग वितळतो आणि पुन्हा तोच पाण्याचा थर. मनगटावर थेंब टाकला तर जेमतेम कोमट लागावा. पसरट वाडग्यापेक्षा उभ्या पेल्यात ओता, कमी चॉकलेटात तुकडा पूर्ण बुडतो. दर सात-आठ तुकड्यांनी ते गार होऊन दाट होत जातं, तेव्हा १० सेकंद परत गरम.

केळी: या प्रकारासाठी सगळ्यांत चांगलं फळ. साखर भरपूर म्हणून गोठल्यावर दगड होत नाही, कुल्फीसारखी लागते. सालीवर तपकिरी ठिपके आलेली घ्या, हिरवट केळं गोठवलं की तुरट लागतं. वेलची केळी मिळाली तर फार सोयीची, एकाचे दोन तुकडे, कापलेल्या बाजूने आइस्क्रीमची काडी. मोठ्या केळ्याचे दोन सेंटिमीटरचे काप. काडी गोठवायच्या आधी खोचायची, नंतर केळं फुटतं. दोन-अडीच तास गोठवून मग बुडवा. काळं पडू नये म्हणून लिंबू लावायची गरज नाही, कापल्या कापल्या फ्रीझरमध्ये गेलं तर पडत नाही, आणि लिंबू लावणं म्हणजे परत ओल.

आंबा: हापूस किंवा बदाम, किंचित टणक. पायरी रसाची, तिच्या फोडी होत नाहीत. दोन सेंटिमीटरच्या फोडी, टिपकागदावर टिपून गोठवा. डार्क चॉकलेटच लावा, मिल्कने गोडावर गोड होतं. चिकूलाही हेच.

कलिंगड: विसरा. नुसतं पाणी.

अननस, किवी: चॉकलेटखाली चालतील, पण दह्यात किंवा चक्क्यात कच्चे घालू नका. त्यांच्यातली एन्झाइम दुधाची प्रथिनं फोडतात आणि मिश्रण कडू होतं. अननस साखरेत पाच-सात मिनिटं शिजवून घेतला तर हा त्रास नाही.

डाळिंब: दाणे कापडावर कोरडे करून, १५० ग्रॅम दाणे आणि १५० ग्रॅम वितळवलेलं डार्क, बटर पेपरवर चमच्याने ढीग घालून फ्रिजमध्ये २० मिनिटं. फ्रीझरमध्ये नाही, दाणे खडे होतात. दोन दिवसांत संपवा. खरं तर याला गोठवलेलं म्हणता येणार नाही, पण इतकं सोपं आहे की सांगितल्याशिवाय राहवेना.

कुरडई_पापड

वा, दोघांचेही आभार. स्ट्रॉबेरीचं राहिलं की! मुलांना तीच हवी असणार.

चक्का_जाम

अख्खी स्ट्रॉबेरी गोठवायचीच नाही, हे माझं स्पष्ट मत. तिच्यात ९० टक्के पाणी. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, मग सुटल्यावर लगदा होणारच. घरगुती फ्रीझर हळू गोठवतो, त्यामुळे स्फटिक आणखी मोठे. अख्खी द्यायची तर देठाला धरून ताज्या, कोरड्या फळाला चॉकलेट लावा, फ्रिजमध्ये १५ मिनिटं, त्याच दिवशी खायची.

गोठवायचीच असेल तर चक्क्यात घाला. साध्या दह्याचा कुरकुरीत बर्फ होतो. चक्क्यातलं पाणी आधीच निथळलेलं असतं, स्निग्धांश जास्त, म्हणून मऊ राहतो.

साधारण ३० नगांसाठी:
– चक्का ४०० ग्रॅम (सायीच्या दुधाचं एक किलो दही रात्रभर फ्रिजमध्ये फडक्यात टांगून, किंवा डेअरीतला तयार, आंबट नको)
– पिठीसाखर ९० ग्रॅम
– स्ट्रॉबेरी ५०० ग्रॅम
– व्हॅनिला अर्धा चमचा (हा चक्क्यात, चॉकलेटात नव्हे)
– डार्क चॉकलेट ३०० ग्रॅम, खोबरेल ३ टेबलस्पून

स्ट्रॉबेरी देठासकट धुवा. देठ आधी काढलात तर ती पाणी पिते. कोरडी करून मग देठ काढा आणि सेंटिमीटरभराचे तुकडे करा. चक्का, साखर, व्हॅनिला आधी घोटून घ्या. फळ सगळ्यांत शेवटी, तीन-चार वेळा खालीवर करण्यापुरतंच. साखर थेट स्ट्रॉबेरीवर घातलीत किंवा मिश्रण ठेवून दिलंत की रस सुटून ते सैल होतं. लगेच बटर पेपरवर दोन-दोन टेबलस्पूनचे ढीग घाला, काडी खोचा, दोन-तीन तास गोठवा. बुडवा, निथळू द्या, परत १५ मिनिटं आत.

साखर कमी करायचा मोह आवरा. साखरेमुळे गोठणबिंदू खाली येतो, म्हणून दात लागतो. निम्मी केलीत तर ढीग दगड होतील. आणि फ्रीझरमध्ये गोठल्यावर गोडी जिभेला कमीच लागते, त्यामुळे मिश्रण चाखताना किंचित जास्त गोड वाटलं पाहिजे.

स्ट्रॉबेरीऐवजी पुसून कोरड्या केलेल्या ताज्या द्राक्षांचे तुकडे किंवा आंबाही चालतो. आंबा असेल तर साखर ६० ग्रॅम पुरे.

साठवण: हवाबंद डब्यात थरांमध्ये बटर पेपर, उणे १८ अंशाला दोन आठवडे चव टिकते. डबा सुरमईच्या शेजारी ठेवू नका, चॉकलेट आणि चक्का दोन्ही वास ओढतात. वीज जाऊन खाऊ पूर्ण सुटला असेल तर परत गोठवू नका, चक्क्याच्या बाबतीत तर अजिबात नाही.

रखरखीत_दुपार

खोबरेलाबद्दल थोडी असहमती. घरात बसून खायला एक टेबलस्पून ठीक. पण खोबरेल २४-२५ अंशालाच वितळतं, पाडव्याच्या दुपारी उघड्यावर ते कवच दोन मिनिटांत मुलांच्या नव्या कपड्यांवर उतरेल. बाहेर वाटायचं तर १०० ग्रॅमला एक टीस्पून, आणि चॉकलेट कंपाउंड. चव थोडी उतरेल, पण निस्तरणं वाचेल.

वाटण्यासाठी पॉट आइस्क्रीमची युक्ती. थर्माकोलच्या मोठ्या पेटीत तीन किलो फोडलेला बर्फ आणि एक किलो जाडं मीठ मिसळा. नुसता बर्फ शून्य अंशाला असतो, त्याने गोठलेला चक्का हळूहळू सुटतोच. मिठाने तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. त्यात घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे रुतवा, झाकणाची कड बर्फाच्या वर ठेवा, नाहीतर खारट पाणी आत शिरतं. डबे आधी तासभर रिकामेच फ्रीझरमध्ये गार करा. तास-दीड तास सहज निघतो. एका वेळी एकच डबा उघडा, त्यात दहा-बाराच नग असू द्या. मीठ-बर्फात मुलांना हात घालू देऊ नका, कातडी भाजल्यासारखी होते.

डब्यातून काढल्यावर कवचावर दव येतं, वाळलं की पांढरे डाग दिसू शकतात. ती वर आलेली साखर, बुरशी नव्हे. कोणीतरी विचारणारच, म्हणून सांगून ठेवलं.

तांब्याचा_बंब

@रखरखीत_दुपार, बाहेरच्यासाठी टीस्पून मान्य. मग थर जाड बसणार, तेव्हा बुडवल्यावर काडी भांड्याच्या काठावर दोन-तीनदा हलकेच आपटायची, जास्तीचं खाली उतरतं. चक्का_जाम यांच्या प्रमाणातलंही तेल त्या हिशोबाने ३ टेबलस्पूनचं ३ टीस्पून करा.

आवळासुपारी

३ वर्षांची मुलं आहेत म्हणालात म्हणून. अख्खं द्राक्ष, त्यातून गोठलेलं, पाच वर्षांखालच्यांना देऊ नका. घशात नेमकं अडकेल असा त्याचा आकार असतो. उभे चार तुकडे करून चक्क्यात घाला. टोकदार बांबूच्या काड्या नकोत, आइस्क्रीमच्या चपट्या काड्या आणा. लहानग्यांच्या नगांना काडी न लावता वाटीत चमच्याने द्यायचं.

शेंगदाणा किंवा काजूचा चुरा वर लावणार असाल तर ते नग वेगळ्या डब्यात, डब्यावर ठळक लिहून, आणि ते सर्वांत शेवटी बुडवा. एकदा दाण्याचा चुरा चॉकलेटच्या पेल्यात पडला की पुढचे सगळे नग दाण्याचेच. ॲलर्जी कुणाला आहे का, हे सोसायटीच्या ग्रुपवर आधीच विचारा.

कुरडई_पापड

ठरलं: केळी आणि चक्का-स्ट्रॉबेरी, कंपाउंड ५०० ग्रॅम, तेल टीस्पूनच्या मापाने. केळी एक दिवस आधी बुडवून ठेवली तर चालतील ना?

चक्का_जाम

दोन दिवस आधीही चालतील. फक्त कापाची सगळी बाजू चॉकलेटने झाकली गेली पाहिजे, काडीच्या बुडाशी हटकून फट राहते, तिथे चमच्याने थेंब सोडा. आणि चक्क्याचं प्रमाण ३० नगांचं आहे. प्रत्येकाला एक केळं, एक चक्का असं धरलं तर काठावर पुरेल. पाच-सहा जास्तीचे करा, एखाद-दुसरा काडीवरून सुटतोच.