प्रतिसाद: कारागिरी कोणाची, नाव कोणाचे

फॅशन घराण्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या महागड्या सायकलींवरच्या या चर्चेत, सायकलची हाताने बनवलेली फ्रेम महाग पडणारच, असा मुद्दा मांडला गेला; तो मला मान्य आहे. नळ्या कापून, घासून, पितळी डाख देऊन जोडणाऱ्या कारागिराच्या वेळेचे मोल मोजायलाच हवे. मात्र फॅशनची घराणी सहसा स्वतः फ्रेम बनवत नाहीत. लुई व्हिताँची सायकल पॅरिसच्या मेझाँ ताम्ब्वात या जुन्या कार्यशाळेसोबत तयार झाली, तर गुच्चीने १८८५ साली सुरू झालेल्या बियांकी या इटालियन सायकल कंपनीची मदत घेतली. त्याच कारागिरांच्या नावाची सायकल थेट घेता येत असताना चामड्यावरच्या शिक्क्यासाठी जास्तीचे पैसे मोजणे मला पटत नाही.

सुट्या भागांचा विषय मात्र अजून कोणी काढलेला नाही. माझ्या एका मित्राची अशीच नामांकित सायकल उजव्या अंगावर पडली आणि मागच्या डिरेलरचा (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकला. आघात स्वतः झेलून फ्रेम वाचवता यावी म्हणून हा अंगठ्याएवढा तुकडा मुद्दाम मऊ अॅल्युमिनियमचा करतात, पण त्याचा आकार फ्रेमगणिक बदलतो. विक्रेत्याकडे तो नव्हता आणि कुठे मिळेल हेही तिथे कोणाला सांगता आले नाही. अखेर वाकलेल्या हँगरची मापे घेऊन आम्ही तो एका यंत्रशाळेत घडवून घेतला. तोवर ती देखणी सायकल दोन महिने भिंतीला टेकून उभी होती.