निवृत्तीआधी बाग बदलायची आहे: वाकणं, उचलणं आणि पाणी घालणं कमी कसं करावं?

अबोली:

नमस्कार मंडळी. आम्हा दोघांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. घरामागे १२ बाय ८ मीटरची बाग आहे. जमिनीतले चार भाजीचे वाफे, कडेने गुलाब आणि जास्वंद, ओट्यावर चाळीसेक कुंड्या, बहुतेक आठ इंची. ह्यांना गुडघ्यांमुळे उकिडवं बसता येत नाही, मला कमरेमुळे भरलेली झारी उचलवत नाही. बाग मात्र सोडायची नाही. हातात पगार आणि अंगात ताकद आहे तोवर बांधकाम उरकून घ्यावं म्हणतोय.

उंच वाफे किती उंचीचे करावेत? ठिबक लावलं तर पंधरा दिवस बाग सोडून मुलीकडे राहता येईल का? आणि आमच्यापैकी एकाला काही दिवस बागेत उतरता आलं नाही, तर दुसऱ्याला एकट्याने सगळं जमावं यासाठी काय करून ठेवावं?

वाफसा:

अबोलीताई, दोघांच्या तक्रारी वेगळ्या आहेत, म्हणून एकाच उंचीचे वाफे बांधू नका. गुडघे दुखणाऱ्याला काठावर बसून काम सोपं जातं. त्याला ४५ ते ५० सेंमी उंची आणि वर बसायला २५-३० सेंमी रुंद कठडा लागतो. कंबर दुखणाऱ्याला उभ्याने, न वाकता काम हवं, म्हणजे ७५ ते ८५ सेंमी. दोघांचा मध्य काढून ६० सेंमीचा वाफा केला की बसायला उंच आणि उभं राहायला ठेंगणा होतो. बांधण्याआधी खोक्यांवर फळी ठेवून त्या उंचीला पंधरा मिनिटं रोपं कुंडीत लावून पाहा. खांदे वर चढत असतील तर पाच सेंमी कमी करा.

रुंदी हातावर ठरते. एकाच बाजूने पोचता येत असेल तर ६० सेंमी, दोन्ही बाजूंनी असेल तर जास्तीत जास्त १२० सेंमी. वाफ्यांमधली वाट ९० सेंमी ठेवा आणि ती घट्ट, सपाट करा. आज हातगाडीसाठी, पुढेमागे काठी किंवा वॉकरसाठी.

भरावाचा हिशोब आधीच करा, कारण तिथेच सगळ्यांचा अंदाज चुकतो. आतून २.४ मीटर लांब, ९० सेंमी रुंद, ८० सेंमी उंच वाफ्यात १७०० लिटरहून जास्त भराव जातो. तो सगळा मातीचा नको. खाली २० सेंमी विटांचे तुकडे, त्यावर २० सेंमी जुनी, कुजत आलेली लाकडं आणि फांद्या, आणि फक्त वरचे ४० सेंमी मातीचं मिश्रण. हे मिश्रण साधारण ८६० लिटर होतं: ४३० लिटर माती, २९० लिटर चाळलेलं कंपोस्ट, १४० लिटर भरड वाळू किंवा धुतलेलं कोकोपीट. दहा-बारा लिटरच्या घमेल्याने ७० ते ८५ घमेली. हे काम मजुरांकडून करून घ्या. कमरेच्या दुखण्यावर इतकी घमेली ओढणं परवडणारं नाही. ताजं लाकूड घातलं तर ते कुजताना आसपासचं नत्र ओढून घेतं आणि पहिल्या हंगामात रोपं पिवळी पडतात. भराव पहिल्या वर्षी दहा-पंधरा सेंमी बसतो, तेवढं मिश्रण बाजूला राखून ठेवा.

भिंत फुगणं हा नेहमीचा दोष. ओली माती घनमीटरला १६०० ते १८०० किलो भरते आणि बाहेर ढकलते. ८० सेंमी उंचीला अर्ध्या विटेची भिंत मधोमध तडकते, २३ सेंमीची धरा. बुडाशी दर ६० सेंमीवर पाणी निघायला एक इंची पाइपाचा तुकडा आणि आतून जाळी. फळ्यांचा वाफा असेल तर ४-५ सेंमी जाड फळी, दर ७५ सेंमीला खांब आणि मधे एक आडवा ताण. घराच्या भिंतीला चिकटवून बांधू नका, ओल आत येते. गच्चीवर तर मुळीच नको. घराचा स्लॅब सहसा चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलो वापराचा भार धरून केलेला असतो, आणि हा भराव हजार किलोच्या वर जातो.

आणखी एक. टोमॅटो, काकडी असली काठीवर चढणारी पिकं उंच वाफ्यात लावू नका. ८० सेंमीवर दीड मीटरची काठी म्हणजे वरची फळं सव्वादोन मीटरवर, मग स्टूल आलं आणि पडण्याची भीती आली. उंच वाफ्यात पालेभाज्या, गाजर, मुळा, कोथिंबीर. चढणारं सगळं बसक्या वाफ्यात.

कुदळफावडं:

वरचं सगळं मान्य, पण चारही वाफे एकदम उंच करू नका. एक बसका, एक उंच बांधा आणि एक हंगाम वापरून पाहा. उरलेल्या दोन जागी बहुवर्षायू झुडपं लावून १० सेंमी जाड पालापाचोळ्याचं आच्छादन घाला (खोडापासून एक वीत लांब, नाहीतर खोड कुजतं). त्याखाली आधी पुठ्ठा अंथरला तर बरंचसं तण मरतं. लव्हाळा मात्र पुठ्ठ्याला जुमानत नाही. त्याच्या गाठी आधी खणून काढाव्याच लागतात, आणि हे काम आत्ताच करा.

चाळीस कुंड्यांबद्दल तर आग्रहाने सांगतो. आठ इंची कुंडीत पाचेक लिटर माती मावते, कडक उन्हात ती दिवसातून दोनदा पाणी मागते. तीन आठ इंची कुंड्यांची माती एका बारा इंचीत जाते आणि ती जास्त काळ ओल धरते. चाळिसाच्या चौदा करा. मोठ्या कुंड्या चाकांच्या पाटावर ठेवूनच भरा, भरल्यावर उचलायच्या नाहीत. आणि ताईंसाठी दहा लिटरच्या एका झारीऐवजी पाच-पाच लिटरच्या दोन झाऱ्या अर्ध्याच भरून, एकेका हातात.

पाणाडी:

ठिबकाचं बोलतो. कुंड्या आणि वाफे वेगवेगळ्या व्हॉल्व्हवर ठेवा. कुंडीला थोडं-थोडं, वारंवार लागतं, वाफ्याला उशिरा पण भरपूर. एकाच व्हॉल्व्हवर घेतलं तर एक कुजतं किंवा दुसरं सुकतं.

तोटीपासूनचा क्रम असा: हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह, टाइमर, १२० मेशचा फिल्टर, मग दाब खाली आणणारा रेग्युलेटर (साधारण १ बार), त्यानंतर १६ मिमीची लॅटरल (बागेत पाणी फिरवणारी नळी). कुंड्यांना मायक्रोट्यूब (बारीक नळी) आणि तासाला २ लिटर थेंबथेंब सोडणारे ड्रिपर. बारा इंची कुंडीला एक, टोमॅटोसारख्या पाणी पिणाऱ्या झाडाला दोन, समोरासमोर. ऐन उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ १५-१५ मिनिटं, म्हणजे एका ड्रिपरला दिवसाला १ लिटर. २.४ मीटरच्या वाफ्यात ३० सेंमी अंतराच्या इनलाइन (नळीतच बसवलेल्या) ड्रिपरच्या तीन ओळी बसतात, एकूण २४ ड्रिपर. दिवसाआड अर्धा तास चालवलं की २४ लिटर पडतं. भारी माती असेल तर वेळ कमी करा, बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालून पाहा.

ड्रिपर नीट चालतोय का ते पाहायला त्याखाली सहा मिनिटं वाटी ठेवा. २ लिटरवाल्यातून २०० मिली यायला हवं. १५० च्या खाली आलं तर तो चोंदलाय. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून धुवा, बहुतेक वेळा क्षार निघून जातात. लॅटरलची टोकं पंधरा दिवसांनी उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा, फिल्टरही तेव्हाच धुवा.

पंधरा दिवस बाहेर राहता येईल, पण घरी असतानाच आठवडाभर झारीला हात न लावता तालीम घ्या. कोणती कुंडी सुकते ते चौथ्या-पाचव्या दिवशी कळतं. निघण्यापूर्वी नवी बॅटरी घाला. बॅटरी संपली की काही टाइमरचे व्हॉल्व्ह असतील त्या स्थितीत अडकतात. उघडे अडकले तर पाणी वाहतच राहतं.

जास्वंदी:

तिसऱ्या प्रश्नावर. व्हॉल्व्हवर नुसते आकडे नको, 'कुंड्या', 'उंच वाफा' असं तेलरंगाने लिहा. फिल्टर उघडायची दिशा बाणाने दाखवा. एका वहीत टाइमरची वेळ कशी बदलायची ते पायरीपायरीने लिहा आणि मग लिहिणाऱ्याने बाजूला बसून दुसऱ्याला ते वाचत करू द्या. जिथे अडेल तिथे वहीत भर. छाटणीही एकाचंच खातं ठेवू नका. गुलाबाला कुठे कापायचं ते दोघांच्या हातांना माहीत हवं: बाहेरच्या दिशेने तोंड असलेल्या डोळ्याच्या (फांदीवर कोंब फुटतो त्या जागेच्या) अर्धा सेंमी वर, तिरका काप. पकड कमी झाली असेल तर रॅचेटचं सिकेटर (टप्प्याटप्प्याने दाबली जाणारी छाटणीची कात्री) घ्या, जाड फांदी दोन-तीन दाबांत कापते.

तुमच्या ह्यांच्यासाठी बाजूला दांडे असलेला गुडघे टेकायचा बाक घ्या. उलटा केला की बसायला होतो आणि उठताना दांड्यांवर भार देता येतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर खालून झटकन उठू नका, चक्कर येते. रक्त पातळ करणारं औषध असेल तर गुलाबाच्या कामाला कोपरापर्यंतचे हातमोजे. धनुर्वाताची लस दोघांनीही दर दहा वर्षांनी घ्यावी. कंपोस्टची पिशवी तोंडाजवळ फोडू नका. आधी थोडं पाणी शिंपडा, धूळ नाकात जाऊ देऊ नका, नंतर हात धुवा. त्यात लिजिओनेला जातीचे जंतू असू शकतात आणि वयस्कर फुप्फुसांना ते त्रासदायक ठरतात.

अबोली:

सगळ्यांचे आभार. दोन वेगळ्या उंचीचे वाफे हे आम्हाला सुचलंच नव्हतं. पाणाडी, आमच्या बागेत नळाचं पाणी दिवसातून तासभरच येतं. दीड मीटर उंचीवर २०० लिटरचं पिंप ठेवून ठिबक चालेल का?

पाणाडी:

चालेल, पण वर लिहिलेलं सामान तसंच वापरू नका. दहा मीटर उंचीला १ बार दाब मिळतो, तुमच्याकडे जेमतेम ०.१५ बार. सोलेनॉइडचा (विद्युतचुंबकाने व्हॉल्व्ह उघडणारा) टाइमर इतक्या कमी दाबाला बहुतेकदा उघडत नाही, बॉल व्हॉल्व्हचा, शून्य दाबावर चालणारा टाइमर मागा. रेग्युलेटर लावू नका. दाब-भरपाईचे (दाब बदलला तरी प्रवाह सारखा ठेवणारे) ड्रिपर नको, साधे घ्या आणि फिल्टर मोठ्या तोंडाचा. प्रवाह कमी मिळेल, म्हणून वाटी लावून मोजा आणि त्या प्रमाणात वेळ वाढवा. लॅटरल छोट्या ठेवा, शक्यतो दहा मीटरच्या आत, आणि सपाटीवर. पिंपाला झाकण हवंच, नाहीतर शेवाळ होतं आणि डास अंडी घालतात.

चौदा कुंड्यांना दिवसाला सुमारे २० लिटर धरलं तर पिंप दहा दिवस पुरेल. पंधरा दिवसांसाठी दुसरं पिंप बुडाशी जोडा किंवा नळाच्या वेळी आपोआप भरायला फ्लोट व्हॉल्व्ह बसवा. पहिला उपाय बरा. टाइमर उघडा अडकला तरी दोन पिंपांपेक्षा जास्त पाणी जात नाही. वाफे मात्र या पिंपावर घेऊ नका, एकेका वाफ्यालाच एका खेपेला २४ लिटर लागतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते भरपूर भिजवा, वरून आच्छादन घाला, आणि शेजाऱ्यांना नळाच्या वेळी तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदा तोटी सोडायला सांगून ठेवा.