प्रश्न जिद्दीचा नाही, पहिल्या चार महिन्यांचा आहे
गरीब मुलांत शिकायची जिद्द उरली नाही, असं म्हटलं जातं. जिद्द असते, डिपॉझिट नसतं. शहरात राहून शिकण्याच्या खर्चासाठी अनुसूचित जातीच्या मुलांना राज्य सरकारच्या स्वाधार योजनेत पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. आदिवासी मुलांच्या स्वयम् योजनेतही तेवढेच. पण कॉट बेसिसचं (खोलीतल्या एका खाटेचं) भाडं आणि मेस पहिल्या दिवसापासून रोख, अनुदान मागाहून. मधल्या त्या चार महिन्यांत मूल रात्रपाळी धरतं, हजेरी ७५ टक्क्यांखाली जाते आणि पुढचा हप्ताच अडतो. जात कुठलीही असो, गळती इथेच होते, आणि हे फार वाईट आहे.

आणखी एक: खात्याला आधार नुसतं जोडून भागत नाही, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, सीडिंग लागतं: या पैशांसाठी हेच खातं, अशी आधार क्रमांकावर बँकेमार्फत नोंद. पैसे सगळ्यात अलीकडे सीड केलेल्या खात्यातच जातात, मग ते गावाकडचं बंद पडलेलं का असेना. अर्जाआधी बँकेत विचारून घ्या.